जुन्या गाडीची दारं आणि काचा: कुठे काय लावता?

किनाऱ्यावर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर सांभाळणाऱ्यांनी आपली पद्धत इथे लिहावी. आगोटीच्या कामांतच हे उरकलेलं बरं. काय लावता, किती, आणि कुठे अजिबात लावत नाही?

मालवण
आधी सफाई. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओल धरतं, जांभ्याची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरासारखी घासते. त्यावर नवं ग्रीस थापू नका. बिजागऱ्या आणि लॉकचा खटका रॉकेल-ब्रशने धुऊन सुकू द्या. बिजागरीच्या पिनेवर इंजिन ऑइलचे 2-3 थेंब, दार दहा वेळा उघडझाप, खाली आलेलं काळं पुसा, पुन्हा एक थेंब. खटक्याला पांढरं लिथियम ग्रीस, हरभऱ्याएवढंच.

गुहागर
काच जड झाली की आधी चॅनेल (काच सरकते ती खाच) बघा, रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी दारातली यंत्रणा) नंतर. काच खाली घेऊन चॅनेलमधली रेती सुक्या ब्रशने काढा, नळी लावून सिलिकॉन स्प्रे मारा, काच 4-5 वेळा वर-खाली करा. इथे तेल-ग्रीस नको. रबर फुगतं, फेल्ट चिकट होऊन आणखी रेती धरतं.

अलिबाग
तरीही जड असेल तर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढावं लागतं. बहुतेक जुन्या गाड्यांत हॅण्डलमागची चकती आत दाबली की आडवी पिन दिसते, ती ठोकून काढायची. रेग्युलेटरचे स्क्रू सोडण्याआधी काच वर नेऊन पाचरीने पक्की अडवा. स्प्रिंगला ताण असतो, हाताला जोरात लागू शकतं. दातांवर आणि रोलरच्या पट्टीत ग्रीसचा पातळ हात. पॅडमागचं प्लास्टिक नीट परत लावा, नाहीतर पहिल्याच पावसात पॅडचा पुठ्ठा फुगतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. ती तुंबली की दार आतून सडतं, मग ग्रीस कितीही लावा.

रत्नागिरी
चावीच्या लॉकमध्ये चिमूटभर ग्रॅफाइट पावडर. सोबत तेल घातलं की लगदा होतो. खोबरेल नको, 24 अंशांच्या आसपास थिजायला लागतं.

मालवण
@गुहागर, स्प्रे रंगावर उडू देऊ नका. पुढे टचअप करताना तिथे रंग फाटतो, बारीक डोळे (गोल खळगे) पडतात. आणि दार अर्धं उघडून टोकाला वर उचलून बघा. खडखडलं तर पिन झिजली आहे, ती बदलायचीच.