नोटरीसमोर सही करणारा माणूस हजर पायजे का नाई?

पऱ्हाटी :
आमच्या गावात एकानं वावरासाठी बहिणीचं संमतीपत्र नोटरी करून आणलं. बहीण पुण्यात. सही आधीच करून आलेली, सोबत आधारची झेरॉक्स. तहसीलबाहेर टेबल टाकून बसते त्या नोटरीनं तिकीट चिकटवलं, गोल शिक्का मारला, अन् रजिस्टरात तिच्या सहीच्या रकान्यात भावानंच सही ठोकली. पाच मिनिटात काम फत्ते. मले हे पटत नाही. 1952 च्या नोटरी कायद्यानं नोटरीले दस्त प्रमाणित करायचा अधिकार दिला तो कशासाठी, तं ह्याच माणसानं हा कागद करून दिला हे त्यानं स्वतः पाहून सांगावं म्हणून. माणूस पाहिलाच नाही तं शिक्का कशाचा?

धुऱ्यावरून :
भाऊ, तू पगारवाला दिसते. सोयाबीन सोंगणीले आलं असताना त्या बाईनं पुण्याहून यावं, दोन दिवस मोडावे, जाण्यायेण्याचा खर्च करावा, कशाले तं एका सहीसाठी? सही तिचीच होती ना, मंग बिघडलं काय? आमच्याकडचे नोटरी वकील घराघराले ओळखतात, कोण कोणाचा भाऊ त्याइले तोंडपाठ हाय.

काळी माती :
सही तिचीच होती हे सांगितलं कोणी? भावानंच ना! दादा, ज्याले वावर पायजे तोच साक्षीदार, असं कुठं असते का. माझ्या नात्यातल्या एका बाईचं असंच झालं, भावानं शंभरच्या स्टँपवर तिची संमती दाखवली अन् तिले कळलं तेव्हा सातबाऱ्यावरून नाव गेलेलं. आता दावा सुरू हाय. वकिलानं नोटरीचं रजिस्टर मागवलं तं सहीच्या रकान्यात नुसतं फराटा मारल्यासारखं काहीतरी, अन् ही बाई तर अंगठा देते, तिले सही येतच नाही!

टायपिंगवाला :
मी कोर्टाजवळच टाइप करतो म्हणून सांगतो. पुण्याच्या बहिणीले इकडं यायची गरजच नव्हती, तिनं तिथल्याच नोटरीपुढं सही करून कागद पोस्टानं पाठवला असता तरी चाललं असतं. म्हातारं माणूस खाटेवर असंल तं नोटरी घरी येऊ शकते, त्याचा खर्च तेवढा द्या लागते. अंगठा असंल तं मजकूर वाचून, समजावून सांगायचा अन् मंगच अंगठा घ्यायचा. अन् सगळ्यात मोठी गोठ तं राहूनच गेली, त्या कागदात हक्क सोडल्याचं लिहिलं असंल तं हजर असो का नसो, नोटरीनं काही होत नाही. 100 रुपयांच्या वरच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तं 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 नं सब-रजिस्ट्रारकडंच जा लागते, तिथं फोटो, अंगठे सगळं होते. लोक नोटरीवर वावर विकतात, प्लॉट विकतात अन् मंग बोंबलत येतात.

धुऱ्यावरून :
हे सगळं बरोबर हाय हो काका, पण एवढी गर्दी नोटरीकडं होतेच काऊन? 2015 मध्येच सरकारनं सांगितलं का साध्या दाखल्याले स्वयंघोषणापत्र चालते, तरी खिडकीवरचा बाबू म्हणते नोटरी आणा. उत्पन्नाचा दाखला, पोराची फी, काहीही असो, प्रतिज्ञापत्र! शाळा सुरू व्हायच्या वेळेले जाऊन पाहा तिथं, नोटरी मान वर करायले मोकळा नसते, तो कोणाकोणाचं तोंड पाहीन? तुम्ही त्यालेच धरून बसले.

पऱ्हाटी :
बाबूचं पटलं. त्याच्याविरुद्ध तू लिही, मी खाली सही करतो (तुझ्यासमोर, बरं का). पण उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र अन् वावरातली संमती एकाच टेबलावरून एकाच घाईत निघावी काय? ज्या कागदानं कोणाचं नाव कटते तिथं तरी माणूस समोर पायजे. अन् मले तं वाटते बाकीच्यातही पायजे, कारण घाईची सवय लागली का नोटरी मंग कागद पाहून थांबत नाही.

काळी माती :
अशा नोटरीची तक्रार कोठं करायची?

टायपिंगवाला :
ज्या सरकारनं नेमला त्याच्याकडं, केंद्राचा असंल तं केंद्राकडं, राज्याचा असंल तं राज्याकडं, नोटरीच्या शिक्क्यावरच लिहिलं असते. चौकशीत गैरवर्तन ठरलं तं नाव कटते. पण नोटरीनं त्या कामात गुन्हा केला म्हणून कोर्टात जायचं तं सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचीच तक्रार लागते, नोटरी कायद्याचं कलम 13.

धुऱ्यावरून :
म्हणजे मुंबई नाईतर दिल्ली. घ्या! वावर गावात अन् न्याय तिकडं.

काळी माती :
म्हणूनच म्हणते दादा, तुमच्याच बहिणीले एकदा फोन लावून विचारा, तिच्या नावानं कुठं कुठं सह्या झाल्या ते.