मदत हवी आहे: स्वतः घडवलेल्या धनुष्याने टर्कीची शिकार. धनुष्य ओढायचं नेमकं कधी?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, ओझार्कच्या डोंगराळ भागालगत राहतो. इथे एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम सुरू होतो. परवाना घेतलाय आणि यंदा स्वतः घडवलेलं लाकडी धनुष्यच घेऊन जायचं ठरवलंय. बंदूक नको, कप्प्यांचा कंपाउंड बोही नको. इकडे अशी शिकार केलेलं कोणी इथे असेल तर कृपया सांगा.

धनुष्य ओसेज ऑरेंजच्या लाकडाचं आहे: लांबी ६२ इंच, २६ इंच ओढलं की ४६ पौंडांचा ताण. पाठीवर, म्हणजे नेम धरताना आपल्यापासून लांब राहणाऱ्या बाजूवर, लाकडाचं एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखलंय. याला बराच वेळ लागतो, पण वलय मध्येच कापलं गेलं तर धनुष्य तिथेच मोडतं. बाण रिव्हर केनचे, म्हणजे इकडच्या देशी बांबूचे. पिसं टर्कीचीच, आणि एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची. टोकं दोन प्रकारची आहेत. काही बर्लिंग्टन चर्ट या गारगोटीसारख्या दगडाची, दगड आधी तापवून मग हरणाच्या शिंगाने टवके काढलेली. काही जुन्या करवतीच्या पात्यातून कापलेली पोलादी. सगळी राळेत बसवून कंडऱ्याच्या धाग्याने आवळली आहेत. काही राज्यांत टोक धातूचंच लागतं, तेव्हा कोणी हे वाचून करणार असेल तर आधी आपल्या राज्याचे नियम बघा.

अडचण ओढीची आहे. टर्कीची नजर फार तीक्ष्ण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, रंगही ओळखतो, मान जराशी वळवली की सगळीकडचं दिसतं. बंदूकवाला गुडघ्यावर नळी आधीच रोखून बसलेला असतो आणि ३०-४० यार्डांवरून छर्रे मारतो. मला नर १२ यार्डांच्या आत हवा, आणि तो तिथे उभा असताना हात मागे न्यायचाय. कंपाउंडमध्ये कप्प्या भार पेलतात, ताणून थांबता येतं. इथे तसं धरून ठेवलं तर हात थरथरतो आणि लाकडावरही ताण येतो. ओढणं आणि सोडणं एका दमातच व्हायला हवं.

शिवाय खाली बसलं की धनुष्याची खालची भुजा जमिनीला लागते, आणि तंबूसारख्या आडोशात वरची छताला. तुम्ही कसे बसता?

अर्धवट जखम करायची नाही, म्हणून एवढं विचारतोय. पिसं फुगवलेला नर केवढा थोरला दिसतो, पण हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम संत्र्याएवढी. जखमी पक्षी पळतो किंवा उडतो आणि मागे रक्ताचा माग जवळपास राहत नाही. या राज्यात टर्की जवळजवळ संपली होती. १९५४ पासून पक्षी पकडून एकेका जंगलात पुन्हा सोडले, तेव्हा कुठे १९६० साली शिकार पुन्हा सुरू झाली. असा पक्षी झुडपात सडत पडावा हे मला सहन होणार नाही.

प्रतिसाद

मी पेनसिल्व्हेनियात लाँगबो, म्हणजे कप्प्या नसलेलं लांब साधं धनुष्य, वापरतो. सर्वांत चांगली संधी म्हणजे नर पिसारा फुलवून पाठ फिरवतो तो क्षण. पिसाऱ्याआड त्याचं डोकं झाकलं जातं, तेव्हाच ओढा. हे नशिबावर सोडू नका. जेकचा, म्हणजे वर्षभराच्या कोवळ्या नराचा, नकली पक्षी ८ यार्डांवर तुमच्याकडे तोंड करून ठेवा. मोठा नर सहसा त्याच्या समोर येऊन त्याला आव्हान देतो, म्हणजे आपोआप तुमच्याकडे पाठ करतो. नेम शेपटीच्या मुळाशी. बाजूने उभा असेल तर पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे.

तंबू सोडा. रुंद बुंध्याला पाठ लावून, समोर फांद्यांचा कमरेएवढा आडोसा करा. एक गुडघा टेकून धनुष्य तिरपं धरा, भुजा मोकळी राहील. लाल, पांढरं, निळं अंगावर काहीही नको, रुमालसुद्धा. नराच्या डोक्याचे तेच रंग असतात आणि त्याच रानात बंदूकवालेही बसलेले असतात.

कंडऱ्यावर राळेचा पातळ हात फिरवा. एप्रिलच्या पावसात उघडा कंडरा सैल पडतो.

धागाकर्ता

मनापासून आभार! जेकचं तोंड माझ्याकडे ठेवायचं हे कुठेच वाचलं नव्हतं. कंडऱ्यावर राळ आजच लावतो. एकच विचारायचं राहिलं: पाठमोऱ्या नेमाला चर्टचं टोक चालेल का?

प्रतिसाद

नको, पोलादीच लावा. चर्टची धार उत्तम, पण हाडावर आपटलं की तुटतं, आणि पाठमोऱ्या नेमात कणा वाटेतच येतो. चर्टचा बाण बाजूने उभ्या पक्ष्यासाठी ठेवा, तोही १० यार्डांच्या आत असेल तरच.