वीजबिल, सिलिंडर, सौर : मदत मीटरला की माणसांना? (मराठवाडा अनुभव धागा)

गोदाकाठ
कपाट आवरताना जुनं रेशनकार्ड हाती लागलं. आत रॉकेलच्या लिटरचा रकाना. ते निळं रॉकेल आठवलं आणि एक गोष्ट डोक्यात बसली: तेव्हा कार्डावर माणसं किती ते बघून लिटर ठरायचे. आता वीजबिलात माणसं कुठंच येत नाहीत. मीटर एक म्हणजे घर एक, मग आत दोघं राहोत की अकरा.

२०२४-२५ चं महावितरणचं दरपत्रक धरा. पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४.७१ आणि वहन आकार १.१७, मिळून ५.८८ रुपये. एकशे एकाव्या युनिटपासून १०.२९ अधिक १.१७, म्हणजे ११.४६. जवळपास दुप्पट. पहिल्या टप्प्याचा स्वस्त दर हीच घरगुती ग्राहकाला मिळणारी सगळ्यात मोठी मदत. ती अकरा जणांच्या वाड्याला आणि दोघांच्या फ्लॅटला सारखीच मिळते, हे मला न्यायाचं वाटत नाही. मदत पाहिजेच, पण ती मोजायची कशी यावर बोलू.

किस्से नकोत. कोणती मदत, कोणता कागद, कुठं अडतं आणि कशानं सुटतं, एवढं आकड्यानिशी लिहा.

तुराटी
वाड्यात दोन भावांच्या दोन चुली असतील तर दुसरं मीटर मागता येतं. स्वयंपाकघर वेगळं, दार वेगळं, नमुना ८ चा (ग्रामपंचायतीचा घराचा) उतारा दोघांच्या नावानं फोडलेला आणि रेशनकार्ड वेगळं असलं की अर्ज अडत नाही. वायरिंग मात्र मुळापासून वेगळं करा. मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट बघतं आणि जो जास्त तो धरतं. दोन्ही घरांचं न्यूट्रल कुठं एक झालं की एकाचा भार दुसऱ्याच्या बिलात चढतो.

हिशोब असा. एका मीटरवर २०० युनिट म्हणजे ५८८ + ११४६ = १७३४. दोन मीटरवर शंभर-शंभर म्हणजे ११७६. फरक ५५८, त्यातून दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार १२८ वजा, राहिले ४३०. त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क धरलं तर महिन्याला पाचशेच्या आसपास वाचतात. इंधन समायोजन यात धरलेलं नाही.

सिंदफणा
बीपीएलच्या दराचं कुणी लिहिलं नाही. मंजूर भार ०.१ किलोवॅट आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६० युनिटच्या आत वापर, तरच तो दर. म्हणजे महिन्याला ३० युनिट. साधा पंखा ७५ वॅटचा, १२ तास चालला तर रोज ०.९ युनिट, महिन्याला २७. एक पंखा न् एक बल्ब, झाली मर्यादा. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात कूलर लावला की वर्षाचा आकडा ३६० च्या पुढं जातो आणि पुढच्या वर्षी घर सर्वसाधारण दरात पडतं. गरिबाला कूलर लागत नाही असं धरूनच ही मर्यादा ठरवलेली दिसते.

पैठणची सून
+१ सिंदफणा. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं मग?

उदगीरकर
कर्नाटकातलं बीदर आमच्यापासून जवळच. तिकडं २०२३ पासून गृहज्योती, २०० युनिटपर्यंत शून्य बिल. इथले लोक रोज तुलना करायलेत म्हणून नीट सांगतो. तिकडं सरसकट २०० फुकट नाहीत. २०२२-२३ मधला त्या घराचा सरासरी वापर काढला आणि त्यावर १० टक्के वाढवून तेवढे फुकट. ज्याचा वापर ४० होता त्याला सुरुवातीला ४४, ज्याचा १८० होता त्याला १९८. आधी जास्त जाळणाऱ्याला जास्त मदत. पुढं कमी वापराच्या घरांसाठी १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून दिले, तरी मूळ पद्धत तीच. आणि २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरा.

एक गोष्ट मात्र त्यांची चांगली: भाडेकरूला अर्ज करता येतो. आपल्याकडं भाडेकरूसाठी अशी सोय नाही.

देगलूर नाका
तेलंगणातही तसंच, मार्च २०२४ पासून. पांढरं रेशनकार्ड आणि २०० च्या आत. २०१ झाले की सगळेच गेले. त्यापेक्षा आपली टप्प्याची पद्धत बरी. आपल्याकडं १०१ वं युनिट महाग पडतं, पण पहिल्या शंभराचा स्वस्त दर जात नाही. गावात अजून बरेच जण समजतात की शंभर ओलांडले की सगळंच महाग होतं. तसं नाही.

गोदाकाठ
हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे, देगलूर. यापायी लोक महिन्याच्या शेवटी फ्रीज बंद ठेवतात.

पत्र्याचं घर
माझा आक्षेप दुसऱ्या जागी आहे. बीपीएलची मर्यादा वर्षाची, ३६० युनिट. मग बाकीच्यांचा टप्पा महिन्याचा का? आपल्याकडं घर दहा महिने ७०-८० युनिटवर असतं आणि एप्रिल-मेमध्ये १६० वर जातं. वर्षाची बेरीज १२०० च्या आतच, तरी दोन महिने शंभरच्या वरच्या युनिटला जवळपास दुप्पट दर. कोकणातल्या घराचा वापर असा उसळत नाही. वर्षाला १२०० युनिटचा टप्पा केला तर मराठवाड्याला न्याय मिळेल.

सिंदफणा
हे पटलं. वीज नियामक आयोगापुढं (दर ठरवणाऱ्या) दरवाढीची सुनावणी असते तेव्हा लेखी हरकत देता येते. संभाजीनगरलाही सुनावणी होते. तिथं हाच मुद्दा मांडायला हवा.

वर्कशॉपवाला
टप्प्याच्या आत राहायचं तर आधी पंखे बघा. तीन जुने पंखे, ७५ वॅट, १२ तास: रोज २.७ युनिट, महिन्याला ८१. तेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), ३० वॅट: महिन्याला ३२. घराचा वापर शंभरच्या वर असेल तर वाचलेले युनिट आधी वरच्या टप्प्यातले कमी होतात, ११.४६ चे, हे लोक धरत नाहीत. फक्त बीएलडीसी पंख्यात आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. वळवाच्या विजा कडाडल्या की बटण बंद करा, नाहीतर कार्ड जातं न् वाचलेले पैसे दुरुस्तीत.

कूलर: मोटर आणि पंप मिळून साधारण १८० वॅट, १२ तास म्हणजे २ युनिटच्या वर. बोअरचं पाणी जड, ताट्यांतल्या वूडवूलवर (लाकडाच्या बारीक तंतूंवर) पांढरा थर बसतो, हवा आत येत नाही आणि कूलर तासन्तास चालूनही खोली गार होत नाही. ताट्या दर हंगामात बदला. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट होतं आणि लोक म्हणतात कूलर बिघडला.

पैठणची सून
ताट्या खसच्या घ्याव्यात की वूडवूलच्या? हनिकोंब म्हणून पण मिळतंय.

वर्कशॉपवाला
ताई, हनिकोंब टिकतो पण जड पाण्यानं त्याची भोकं बुजतात आणि बदलायला महाग. बोअरचं पाणी असेल तर वूडवूल. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण बदला, नुसतं वरून भरत राहिलं तर क्षार वाढत जातात.

पॅनलवाला
सौरवर लिहितो, कारण सरकारचा सगळा जोर आता तिथं आहे. पीएम सूर्यघर, फेब्रुवारी २०२४ पासून. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान. राज्यानं २०२५ मध्ये १ किलोवॅटसाठी भर घातली: बीपीएलला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीला १५ हजार, शंभरच्या आतल्या इतर घरांना १० हजार. खर्च ५० हजार धरला तर बीपीएल घराला अडीच हजारच भरायचे. कागदावर उत्तम.

अडतं कुठं ते सांगतो. मीटरवरचं नाव, आधार आणि बँक खातं जुळलं पाहिजे, आणि मराठवाड्यात बरीच मीटरं आजोबांच्या नावावर. थकबाकी शून्य लागते. पॅनल देशी सेलचेच, म्हणजे डीसीआर, नाहीतर अनुदान नाही. पॅनल आणि इन्व्हर्टर यातली जी क्षमता कमी, तीच अनुदानाला धरतात. ३ किलोवॅटचे पॅनल लावून इन्व्हर्टर २ चा बसवला तर अनुदान २ चं. विक्रेत्याला सगळे पैसे आधी देऊ नका. करारात ५ वर्षांची देखभाल असते, ती प्रत मागून घ्या.

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा, तोंड दक्षिणेला, कल १८-२० अंश. रोज सरासरी ४ युनिट, महिन्याला १२०. ज्याचा वापर ९० आहे त्याला १ पुरतो. ७८ हजार मिळतात म्हणून ३ घेऊ नका. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि शिल्लक कमी दरानं विकत घेतली जाते. आपल्याकडं थंडीत युनिट साठतात आणि कूलर सुरू होतो एप्रिलला. ऐन गरजेच्या आधी खातं रिकामं. हा नियम आपल्या हवामानाच्या अगदी विरुद्ध बसतो. वर्ष जूनला मिटवलं तर किती घरांचं भलं होईल.

आणि वीज गेली की हे सौरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. म्हणजे दिवसा भारनियमन असलेल्या फीडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाइनवर) ऊन असूनही युनिट वाया. अर्ज करण्याआधी आपल्या फीडरला दिवसा किती तास वीज असते ते विचारा.

तुराटी
माळवदावर बसतं का?

पॅनलवाला
माळवदात नाही. मातीच्या धाब्याला बोल्ट धरत नाही आणि भोक पाडलं की पावसात गळणार. अंगणात जमिनीवर काँक्रीटचे पाय घालून सांगाडा उभा करा, दीड-दोन फूट खोल. वळवाच्या वाऱ्याला हलका सांगाडा पॅनलसकट उडतो. पत्र्यावर बसतं, पण पत्र्याला नाही, खालच्या अँगलला आवळायचं. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे: डीसी, एसी आणि वीजरोधक. विक्रेते दोनात भागवतात, तिथं भांडा.

परळी वैजनाथ
राखेचं पण लिहा. आमच्या भागात पॅनलवर राख बसते, आठवड्याला धुवावे लागतात. सकाळी लवकर, काच गार असताना. दुपारी गार पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो. जड पाणी वाळू द्यायचं नाही, लगेच पुसायचं.

औष्णिक केंद्र आमच्या उशाशी, राख आमच्या छातीत, आणि दर मुंबईच्या उपनगरातल्या महावितरणच्या ग्राहकाइतकाच. मदत न्याय्य आहे का विचारलंत म्हणून सांगितलं.

पैठणची सून
खरंय दादा.

चूल आणि गॅस
सिलिंडरचं राहिलं. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना, २०२४, वर्षाला तीन सिलिंडर. उज्ज्वलातल्या किंवा लाडकी बहीणमधल्या पात्र बायांना. जोडणी बाईच्या नावावर पाहिजे, महिन्याला एकच, एका रेशनकार्डाला एकच लाभ, आणि १ जुलै २०२४ नंतर फोडलेलं कार्ड चालत नाही. परत तेच, तीन सुनांचं एकत्र घर असेल तरी तीनच सिलिंडर.

पैसे येत नसतील तर आधी एजन्सीत ई-केवायसी झालं का बघा, मग बँकेत आधार नुसतं जोडलंय की थेट लाभासाठी मॅप केलंय ते विचारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन खाती असतील तर पैसे शेवटी मॅप केलेल्या खात्यात जातात, बाया मात्र जुनंच पासबुक भरून आणतात. नवऱ्याच्या नावाची जोडणी बायकोच्या नावावर करायला त्याची संमती, दोघांचं आधार, रेशनकार्ड आणि जुनं गॅस पुस्तक लागतं.

आधी पूर्ण पैसे भरायचे, मग परत मिळणार, हीच मोठी अडचण. ऊसतोडीवरून परत येईपर्यंत हातात रोख नसते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत तुराट्या-पऱ्हाट्या जळणाला रचून ठेवतात आणि गॅस चहापुरता. मदत सिलिंडर घेतानाच वजा करून द्या, बायाबापड्यांची निम्मी अडचण जाईल.

कुकर लावलाय, जाते. उरलेलं रात्री.

बिलिंग बघणारा
बिलावर रीडिंगच्या जागी आरएनए (रीडिंग मिळालं नाही), लॉक किंवा फॉल्टी लिहिलंय का बघा. ते सरासरीचं बिल असतं. दोन-तीन महिन्यांनी खरं रीडिंग आलं की सगळे युनिट एकदम पडतात. त्या युनिटची विभागणी तितक्या महिन्यांत होऊन प्रत्येक महिन्याला पहिला टप्पा मिळायला हवा. नाही मिळाला तर मीटरचा फोटो, मागची बिलं आणि लेखी अर्ज उपविभागात द्या आणि पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर महावितरणची अंतर्गत तक्रार यंत्रणा, मग ग्राहक तक्रार निवारण मंच. वकील लागत नाही.

भाड्याची खोली
उदगीरकर भाडेकरूचं बोलले म्हणून विचारते. मालकाचं एक मीटर, पाच खोल्या, सबमीटर. मालक सगळ्यांना १२ रुपये युनिट लावतो. काही करता येतं का?

बिलिंग बघणारा
ताई, मालकाच्या बिलात पाच खोल्यांचे युनिट एकत्र म्हणून ते वरच्या टप्प्यात जातात, त्यामुळं त्यालाही दर महागच पडतो. तुमचे ४० युनिट खरं तर पहिल्या टप्प्यातले. भाडेकरार आणि मालकाचं ना-हरकत पत्र असेल तर तुमच्या नावानं वेगळी जोडणी मागता येते. ठेव भरावी लागते, स्थिर आकारही वेगळा. खोली सोडताना थकबाकी नसल्याची नोंद करून घ्या, म्हणजे मालकही तयार होतो. त्याला हे शेवटचं आधी सांगा.

भाड्याची खोली
बोलून बघते. करार अकरा महिन्यांचा आहे, चालेल ना?

बिलिंग बघणारा
चालेल. मुदत संपलेला नको.