बियांपासून निवडुंग: रुजतात भराभर, मग बुडातून कोलमडतात

गॅलरीतले_काटे (नाशिक)

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास, जिम्नोकॅलिशियम (हे दोन निवडुंग) आणि लिथॉप्स (दगडासारखं दिसणारं रसाळ झाड), तिन्हींचं बी फेब्रुवारीअखेर एकाच ट्रेमध्ये पेरलं आहे. मिश्रण असं: अर्धं कोकोपीट, पाव गांडूळखत, पाव नदीची वाळू. ट्रे झिपच्या पिशवीत बंद करून पूर्वेच्या गॅलरीत ठेवला आहे, सकाळी साधारण दोन तास थेट ऊन येतं. रुजवण छान झाली, ॲस्टेरियास तर पहिल्याच आठवड्यात वर आली.

आता एका कोपऱ्यातली रोपं बुडाशी काचेसारखी पारदर्शक होऊन आडवी पडतायत आणि हे आत सरकत चाललं आहे. उरलेली बरीचशी लालसर झालीत. लिथॉप्स मात्र उलट, फिकट आणि लांबुडके. मातीवर हिरवा थर धरला आहे.

बुरशीनाशक कोणतं आणि किती? पिशवी आता काढावी का? आणि बोअरचं पाणी चालतं का?

काटेकोर

आधी ट्रे वाचवा, कारणं नंतर.

पडलेली रोपं चिमट्याने उचलत बसू नका. चहाच्या चमच्याने रोपं मातीसकट काढा, आणि त्यांच्या भोवतालची सेंटिमीटरभर माती, त्यात दिसायला धडधाकट असलेली रोपंसुद्धा, काढून टाका. रोग मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून पुढे सरकतो, त्यामुळे कडेची हिरवी रोपं बहुतेक आधीच लागलेली असतात. खड्डा कोरड्या जाड वाळूने भरा.

आता औषध. बहुतेक जण घरात असलेलं 'साफ' नावाचं बुरशीनाशक मारतात, म्हणजे कार्बेन्डाझिम १२ टक्के अधिक मॅन्कोझेब ६३ टक्के. रायझोक्टोनिया किंवा फ्युझॅरियम ही मातीतली बुरशी असेल तर ते चालतं. पण इतक्या ओल्या, बंद पिशवीत बुडातून पाणी झालेली रोपं म्हणजे पहिला संशय पिथियमवर. पिथियम ही खरी बुरशी नव्हे, पाण्यातून पसरणारा बुरशीसारखा जीव आहे, त्याच्यावर कार्बेन्डाझिमचा काहीच परिणाम होत नाही. जो थोडाफार होतो तो मॅन्कोझेबचा. त्यामुळे मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र औषध आणा. लिटरला २ ग्रॅम, एकदाच. वरून फवारलं की आडवी पडू पाहणारी रोपं आणखी लोळतात, म्हणून ट्रे द्रावणात एक सेंटिमीटर बुडवून खालून चढू द्या आणि वरचा थर ओला दिसला की उचला. पसरणं थांबलं नाही तर आठ-दहा दिवसांनी कॅप्टन हे दुसरं बुरशीनाशक, लिटरला २ ग्रॅम. मात्रा वाढवून काही मिळत नाही, कोवळी मुळं खुंटतात. हातमोजे घाला, आणि भांडं स्वयंपाकघरातलं नको.

पिशवी आणि ऊन हे दोन्ही एकत्र चालत नाही. बंद पिशवीवर अर्धा तास थेट ऊन पडलं तरी आतलं तापमान ४५ अंशांच्या वर सहज जातं. लाली त्याचीच: जादा उजेड-उष्णतेला निवडुंग बीटालेन हे लाल रंगद्रव्य बनवून उत्तर देतो. लाल रोप मेलेलं नसतं, पण वाढ थांबलेली असते. ट्रे आजच सावलीत हलवा, भरपूर उजेड असलेल्या.

निवडुंग म्हणजे ऊन, हे मोठ्या झाडाचं गणित. ॲस्टेरियास मूळची मेक्सिकोतल्या तमाउलीपासची आणि लगतच्या टेक्सासमधली. तिथेही पिल्लं उघड्यावर क्वचितच तगतात, काटेरी झुडपांच्या सावलीत वाढतात.

हिरवाई_७७

औषध कशाला? दालचिनीची पूड भुरभुरा, नैसर्गिक बुरशीनाशक आहे.

काटेकोर

कापलेल्या कोरड्या जखमेवर दालचिनी ठीक आहे. ओल्या मातीवर तिचा लगदा होतो, दोन दिवसांत त्यावरच पांढरी बुरशी उगवते. शिवाय पिथियम मातीत खाली असतो, पूड पृष्ठभागावर राहते. इथे नको.

खडी_वाळू

मिश्रणाबद्दल. गांडूळखत हेच मूळ दुखणं आहे. बियांच्या ट्रेत जिवंत सेंद्रिय माल घालायचा नाही, बुरशीला खाद्य आणि चिलटांना अंडी घालायला जागा. बी स्वतःचं खाद्य घेऊन येतं, पहिले दोन महिने त्याला बाहेरून काही लागत नाही.

पुढच्या पेरणीसाठी मापाने:

परलाइट किंवा प्युमिस (हलके, सच्छिद्र खडे), १ ते ३ मिमी, दोन भाग
विटांचा चुरा किंवा जाड वाळू, १ ते २ मिमी, एक भाग
धुतलेलं कोकोपीट, एक भाग

वाळू आणि चुरा दोन चाळण्यांतून काढा. चहाच्या गाळणीतून जे खाली पडतं ते फेकून द्या; ती धूळ पाण्याने खाली बसून निचऱ्याची भोकं बुजवते. 'नदीची वाळू' म्हणून जी मिळते तिच्यात अर्धी माती असते, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. समुद्रकाठची वाळू नकोच.

कोकोपीटची वीट भिजवून तीनदा पिळून धुवा, मीठ निघून जातं. ६५० ग्रॅमच्या विटेला शेवटच्या पाण्यात १०-१५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवलं आणि सकाळी पुन्हा धुतलं तर उरलेलं सोडियम-पोटॅशियमही सुटतं. कोकोपीट एक भागापेक्षा जास्त घालू नका. ते पाणी खूप वेळ धरून ठेवतं, आणि रोपं बुडतात.

मिश्रण मुठीत दाबल्यावर थेंब गळणार नाही इतपत ओलं करा, झाकणाच्या डब्यात भरा, कुकरमध्ये डब्याखाली जाळी ठेवून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर अर्धा तास वाफवा. कुकर न उघडता रात्रभर गार होऊ द्या. गरम असताना उघडलं की खोलीतली हवा आत ओढली जाते, आणि केलेलं सगळं वाया.

आणि ट्रे नको. अडीच-तीन इंची चौकोनी प्लास्टिक कुंड्या, एका कुंडीत एकच जात. रोग आला तर एकच कुंडी जाते. तीन स्वभावांची झाडं एका पिशवीत कोंडून ठेवणं तेव्हाच बंद होईल.

बी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटं, मग टिपकागदावर. पेरायचं पृष्ठभागावरच, पुरायचं नाही. टोपीसारखं मोठं बी असलेल्या ॲस्टेरियासला दीड-दोन मिमीच्या खडीचा एकपदरी थर द्यावा, रोप उभं राहतं आणि शेवाळही कमी धरतं. पॅरोडिया या निवडुंगासारखं धुळीएवढं बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून दुमडलेल्या कागदावरून टिचकी मारत सोडायचं. त्यावर काहीच टाकायचं नाही.

गॅलरीतले_काटे (नाशिक)

खड्डे भरले, ट्रे सावलीत नेला, औषध आज आणतो. पिशवीचं आणि लिथॉप्सचं राहिलं.

दगडफूल

लिथॉप्स त्या पिशवीत राहायलाच नको होते. निवडुंगाची रोपं कोंडलेल्या ओलाव्यात दोन-तीन महिने काढतात, लिथॉप्स ८० टक्के रुजले की झाकण काढायचं आणि उजेड वाढवायचा. पिशवीत राहिले की मान लांबते, आणि लांबलेली मान परत आखूड होत नाही. एकच इलाज: दोन्ही बाजूंनी बारीक खडी सरकवून पानांच्या बुडापर्यंत आधार द्या. लहान चमच्याने, कोरडी खडी.

वेळही उलटी आहे. दक्षिण आफ्रिका-नामिबियातली ही झाडं थंड रात्रींत चांगली रुजतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, दिवसा २५-२८ आणि रात्री १५-१८ अंश मिळाले की पाच ते पंधरा दिवसांत रुजतात, आणि उन्हाळ्यापर्यंत अंगात थोडं पाणी धरतात.

आता जे आहेत त्यांना उन्हाळाभर संध्याकाळी हलकं फवारत राहा. 'लिथॉप्सला उन्हाळ्यात पाणी बंद' हा नियम मोठ्या झाडांचा. मोहरीएवढ्या रोपाला कोरडं ठेवलं तर आठवड्यात सुरकुतून संपतं.

पुढे घरचं बी काढायचं झालं तर बोंड फोडत बसू नका. वाटीत ठेवून दोन थेंब पाणी टाका, काही मिनिटांत ते चांदणीसारखं उघडतं आणि बी धुऊन बाहेर येतं. पावसाच्या थेंबाने बी उडावं म्हणून त्याची रचनाच तशी आहे.

काटेकोर

निवडुंगांची पिशवी: एकदम काढू नका. तीन-चार आठवड्यांच्या रोपाचं मूळ जेमतेम सेंटिमीटरभर असतं आणि नाशिकची मार्च-एप्रिलची दुपार कोरडी ठणठणीत. पहिला आठवडा झिप बोटभर उघडी, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात पूर्ण उघडी पण ट्रे आतच, मग बाहेर. प्रत्येक टप्प्यावर रोपं टपोरी दिसली तरच पुढे. सुरकुतली तर एक पायरी मागे. सध्या रोग चालू आहे, म्हणून औषध दिल्यावर झिप बोटभर लगेच उघडाच, साचलेली वाफ जाऊ दे.

टीडीएस_मीटर

पाणी. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं, दर पाण्याबरोबर मिश्रणाचा सामू (pH) वर सरकतो. रोपाच्या बुडाशी पांढरी कडा दिसू लागली की समजा. पेरणीला आणि पहिल्या वर्षाला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं. आरओच्या बाहेर टाकलेल्या नळीचं पाणी बरेच लोक 'वाया नको' म्हणून झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते फरशी पुसायला.

खत दोन महिन्यांनंतर: १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा-वीस दिवसांतून एकदा. त्याआधी दिलं तर शेवाळच खातं.

हिरवा थर खरवडू नका, मुळं उचकटतात. खालून पाणी द्या, वरचा पृष्ठभाग दोन पाण्यांमध्ये सुकू द्या, वर कोरडी खडी पसरा. बारीक काळी चिलटं दिसली तर पिवळा चिकट कागद लावा. त्यावर फक्त उडणारं चिलट अडकतं, मुळं खाणारी अळी मातीत असते. तिच्यासाठी बीटीआय (अळी मारणारे जिवाणू) पाण्यातून, पाकिटावरच्या मात्रेने, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

गॅलरीत उजेड पुरत नसेल तर १८-२० वॅटची पांढरी एलईडी नळी, रोपांपासून १५-२० सेंमीवर, १२ ते १४ तास. लाल झाली तर वर घ्या, लांब झाली तर खाली.

गॅलरीतले_काटे (नाशिक)

पावसाळ्यात काय करायचं? आणि माझ्या मॅमिलेरिया निवडुंगाला लाल मिरचीसारखी फळं आलीत, ती आता पेरू का?

खडी_वाळू

पावसाळ्यात दोनच गोष्टी: थेंब पडू द्यायचा नाही आणि हवा थांबू द्यायची नाही. छताखाली, लहान पंखा दिवसातून काही तास. वरची खडी आणि खालचं मिश्रण दोन्ही सुकल्यावरच पाणी, तेही सकाळी. फेब्रुवारीत पेरण्याचा फायदा इथे दिसतो, पाऊस लागेपर्यंत रोपं तीन-साडेतीन महिन्यांची झालेली असतात. मेमध्ये पेरलेली बरोबर दमट हवेत कोवळी सापडतात.

वेगळं करायची घाई नको. एकमेकांना टेकेपर्यंत रोपं गर्दीत चांगली वाढतात. ऑक्टोबरात ८-१० मिमीची झाली की हलवा, मूळ सरळ खाली सोडा, आणि तीन-चार दिवस पाणी देऊ नका, तुटलेली टोकं सुकू द्या.

मॅमिलेरियाची फळं आत्ता पेरायला हरकत नाही. गर पूर्ण धुवा, चिकटलेल्या गरातली साखर म्हणजे बुरशीला आमंत्रण. गाळणीत चोळून, कागदावर दोन दिवस सावलीत वाळवून मग पेरॉक्साइड. सगळं लगेच पेरू नका, मॅमिलेरियाचं बी कागदी पाकिटात कोरडं ठेवलं तर पुढच्या वर्षीही रुजतं. ॲस्टेरियासचं मात्र ताजंच पेरावं. आणि तिचं घरचं बी हवं असेल तर वेगवेगळ्या बियांपासून आलेली दोन झाडं एकाच वेळी फुलावी लागतात, स्वतःच्या परागाने ती सहसा बी धरत नाही.

काटेकोर

औषध दिल्यावर चार दिवसांनी कडेच्या रोपांची बुडं भिंगातून बघा. पारदर्शक ठिपका दिसला की पुन्हा चमचा, भिंगात बुडं कोरडी-हिरवी दिसली तर कॅप्टनची गरज नाही.