डिव्हायडरमध्ये बाग केली म्हणून बडोद्याचा पूर थांबत नाही

रावपुरेकर: "डिव्हायडर खोलगट करा, कठड्याला खाचा ठेवा, आत झाडं लावा, रस्त्याचं पाणी गाळून जिरेल आणि बडोदं पुन्हा बुडणार नाही." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५च्या वर गेली. तेव्हा रस्त्याचं पाणी नदीत जात नव्हतं, नदीच रस्त्यावर आली होती. तिथे चार फुटांची पट्टी काय करणार? जमीन आपली काळी. भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. शिवाय रस्त्याचा उतार मधून कडेला असतो. पाणी डिव्हायडरकडे येईलच कसं?

अलकापुरी_सिव्हिल: उताराचं मान्य. म्हणूनच पट्टी फूटपाथच्या कडेला हवी, नाहीतर नवा रस्ता करतानाच उतार आत घ्यायचा. काळ्या मातीचं मात्र अर्धंच सांगितलंत. या पट्टीत ती माती ठेवतच नाहीत. दीड-दोन फूट वाळूमिश्रित माती, खाली खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप. गाळलेलं पाणी पाइपातून पावसाळी गटारात जातं. पूर अडवणं हे तिचं काम नाहीच. पहिल्या सरीबरोबर टायरची भुकटी, ऑइल, ब्रेकची धूळ वाहते, ती अडवायची. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला ओढ्यांतले कोहो सॅमन मासे मरत होते. टायरमधल्या रसायनापासून बनणारं विष २०२०मध्ये सापडलं. तसंच रस्त्याचं पाणी अशा मातीतून गाळून सोडलं तर मासे जगले. आपल्या नदीत मगरी राहतात, त्यांच्या पोटात काय जातंय?

मांजलपूरची_ताई: आधी झाडं कोणती ते बोला! कोनोकार्पस लावून ठेवले सगळीकडे, मग सप्टेंबर २०२३मध्ये सरकारनेच बंदी घातली. परागकणांनी सर्दी, खोकला, दमा. मुळांनी गटारं आणि केबल फुटतात. माझ्या मुलाला दमा आहे. हे झाड फुललं की रात्री उशा रचून बसवते त्याला.

कारेलीबाग७: ताई, मुलाचं वाईट वाटतं, पण सगळं त्या झाडावर ढकलू नका. मे महिन्यात पाण्यावाचून तेच हिरवं राहतं. गाड्यांचा धूर दिसत नाही का?

मांजलपूरची_ताई: धूर वर्षभर असतो, मग मुलाचा त्रास ठरावीक दिवसांतच कसा वाढतो? आमच्या सोसायटीची ड्रेनेज लाइन उकरली तेव्हा पाइपात दोरखंडासारखी मुळं होती. खर्च आम्ही वर्गणी काढून भरला. तुम्ही भरलात?

कारेलीबाग७: आवाज चढवू नका. आमच्या गल्लीत तोडले, पुढच्या उन्हाळ्यात सावली नाही. तेही बघा.

रावपुरेकर: धागा कोनोकार्पसचा नाही हो!

अलकापुरी_सिव्हिल: ताईंचा मुद्दा विषयाचाच आहे. जी मुळं ड्रेनेजमध्ये घुसतात ती त्या भोकांच्या पाइपात आधी घुसतील. चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरडं, दोन्ही सोसणारं हवं. वाळा लावा. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात.

रावपुरेकर: ठीक आहे. पुराचं नाव घेणार नसाल तर एखाद्या रस्त्याच्या कडेला करून बघायला माझी ना नाही. पण गाळ वरच्या थरातच बसतो. तो दर पावसाळ्याआधी खरवडायचं काम ठेकेदाराच्या करारात लिहिलेलं दाखवा, तोवर एक पैसा देऊ नये.

मांजलपूरची_ताई: आणि झाडांची यादी खोदण्याआधी लावा. लावून झाल्यावर नको.