गावकऱ्यांच्या हाती खुरपी द्यावी का?

जुनी पायवाट:
इंग्लंडच्या पूर्व भागात २००५ पासून आपल्या गावाचा जुना इतिहास शोधायला गावोगावी लोकांनी स्वतःच्या परसात खड्डे घेतले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. दहा-दहा सेंटीमीटरचा थर काढायचा, माती चाळायची, त्या थरातल्या खापऱ्या वेगळ्या पिशवीत. खणणारे बरेचसे शाळकरी मुलं आणि गावकरी. ५५ वस्त्यांतल्या सुमारे २००० खड्ड्यांचा हिशेब पुरातत्त्वज्ञ कॅरेन्झा लुईस यांनी २०१६ मध्ये मांडला, तेव्हा दिसलं की १३४८-४९ च्या प्लेगनंतरच्या काळातली खापरं आधीच्या काळापेक्षा जवळपास ४५ टक्क्यांनी कमी आहेत. माणसं गेली, मडकी फुटायची थांबली! हे नांदत्या गावांच्या पोटातून निघालं, आणि तिथे परक्याला कोण खणू देणार? आपल्याकडेही जुन्या गावशिवारात गावकऱ्यांनी खणायचे असे दिवस दरवर्षी ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

थर आणि माती:
माझा विरोध आहे. खणलेला थर परत रचता येत नाही. उत्साह असतो तो खणण्याच्या दिवशी. खापऱ्या धुणं, नंबर घालणं, काळ ठरवणं, अहवाल लिहिणं, याला किती जण थांबतात? यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे उजाड गाव घ्या. १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात हौशी लोक येऊन खणत होते. अहवालाचा शेवटचा, तेरावा खंड आला २०१२ मध्ये. ज्यांनी हे काम उभं केलं ते जॉन हर्स्ट आणि मॉरिस बेरेसफर्ड तोवर हयात नव्हते. इतकी निष्ठावंत माणसं असून ही गत. मग एका शनिवार-रविवारच्या खड्ड्यांचं काय होणार?

जुनी पायवाट:
उशीर झाला, मान्य. पण तेरा खंड झाले ना? गाव प्लेगने ओस पडलं नाही, शेवटची घरं १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणासाठी उठवली गेली, हे कळलं ते याच कामामुळे. हौशी हात नसते तर चाळीस वर्षं ते चाललंच नसतं.

चाळणवाली:
मी अशा खड्ड्यावर दोन दिवस काम केलंय, म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, सगळ्यांनी पिशव्या उचलून आडोशाला नेल्या. नंतर पाहिलं तर दोन पिशव्यांत चिठ्ठीच नव्हती. तिसऱ्या थरातली कुठली, चौथ्यातली कुठली, कुणालाच सांगता येईना. आत काळपट, खरबरीत काठाचे सुंदर तुकडे होते. एकही हिशेबात धरता आला नाही. फार वाईट वाटलं. पण शेजारच्या खड्ड्यावरची शाळकरी मुलगी प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकून बाहेरही थराचा आकडा लिहीत होती. तिची एक खापरी वाया गेली नाही. त्यामुळे हौशी की तज्ज्ञ हा प्रश्नच मला पटत नाही. पहिला अर्धा दिवस फक्त नोंदी शिकवा, खुरपी नंतर द्या.

नांगरट:
खणायलाच का हवं? नांगरलेल्या रानात ओळीने चालत खापऱ्या टिपा, जागा नकाशावर मांडा. मध्ययुगात उकिरड्यातलं खत शेतात जायचं, त्याबरोबर फुटकी मडकीही. खापऱ्या कुठवर पसरल्या आहेत त्यावरून कुठवर कसलं जात होतं ते दिसतं. थर मोडत नाही.

थर आणि माती:
हे मला चालेल, पण नेमकी जागा जाहीर करू नका. तसं केलं की धातुशोधक यंत्रं घेऊन रात्री चोर येतात. आणि चाळणवाली, तुमच्या त्या दोन पिशव्या हेच माझं म्हणणं आहे. खड्डा घेण्याआधी अहवाल कोण लिहिणार आणि कधीपर्यंत, हे ठरवून सांगा. ते ठरलेलं असेल तर मी स्वतः खापऱ्या धुवायला बसेन.

जुनी पायवाट:
ही अट मला मान्य आहे. रानात चालण्याचीही. परसातले खड्डे मात्र सोडणार नाही. नांदत्या गावाखाली काय आहे ते नांगरटीत येत नाही.