'प्रजाती' की 'जाती'? (हवाईच्या कोळ्यांच्या निमित्तानं)

हवाई बेटांवरच्या 'ऑर्सनवेल्स' या छोट्या कोळ्यांवर लेख लिहितोय. पेपरात स्पीशीजसाठी नेहमी 'नवी प्रजाती सापडली' असं छापतात. मग जीनसला, म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटाला, काय म्हणू, 'वंश'? आणि एन्डेमिकला 'स्थानिक' चालेल ना?

> 'वंश' नको, ती हिंदीची सोय. तिकडे प्रजाति म्हणजे स्पीशीज. आपल्या शाळेच्या पुस्तकातला क्रम सरळ आहे: कुल (फॅमिली), प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज). आंब्याची प्रजाती मँजिफेरा, जाती इंडिका. गुस्तावो होर्मिगा यांनी २००२ मध्ये ऑर्सनवेल्स ही एक प्रजाती मांडली, तिच्यात १३ जाती. 'ऑर्सनवेल्सच्या १३ प्रजाती' लिहिलंत तर जाणकार कपाळाला हात लावतील.

> सगळं खापर हिंदीवर कशाला? 'जात' शब्दाला आपल्याकडे जे चिकटलंय त्यामुळेही लोक बिचकतात.

> सापांच्या जाती म्हणताना कोण बिचकतं? लिहा बिनधास्त.

> 'स्थानिक' अपुरा आहे. मोर आपल्याकडचा स्थानिकच, पण श्रीलंकेतही आहे. जे फक्त तिथंच सापडतं ते 'प्रदेशनिष्ठ'. सह्याद्रीतल्या वनस्पतींमुळे हा शब्द चांगला रुळलाय. इथं तर बहुतेक जाती एकेका बेटापुरत्याच आहेत.

> मग 'बेटनिष्ठ' म्हणा की!

> ऐकायला गोड, पण समजावून सांगावा लागेल. 'एकाच बेटावर आढळणारी' यात काय वाईट आहे? आणि 'छोटे कोळी' तेवढं काढा. त्यांच्या लिनिफिडी कुलातले बहुतेक कोळी जेमतेम काही मिलिमीटरचे, हे मात्र १४ मिलिमीटरपर्यंत जातात. त्या कुलातले पैलवानच. नाव सिनेदिग्दर्शक ऑर्सन वेल्सवरून. ओथेलो, मॅकबेथ, फॉलस्टाफियस ही जातींची नावं त्यानं पडद्यावर रंगवलेल्या भूमिकांवरून. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे माणूस कुठला आणि कोळी कुठला ते कळत नाही, म्हणून प्रजातीचं नाव तिरप्या टायपात आणि जोडून छापा.

आभार. आता शेवटचं: त्यांच्या जाळ्याला 'कोळिष्टक' म्हणू का?

> छे! कोळिष्टक म्हणजे माळ्यावरचं, धूळ खात लोंबणारं, दिवाळीच्या साफसफाईत झाडूला गुंडाळून येणारं. यांचं जाळं आडवं, ताणून बसवलेल्या चादरीसारखं असतं आणि कोळी तिच्या खालच्या अंगाला उलटा लटकून भक्ष्याची वाट बघतो. 'चादरजाळं' चालून जाईल. इंग्रजीत 'शीट वेब' म्हणतात म्हणून 'पत्राजाळं' मात्र करू नका, यंत्रानं केलेल्या भाषांतरात मी ते वाचलंय.